बासष्ट पावलं

सिनेमावाल्यांना आमच्या शिराइवा गावात नेमकी तीच जागा आवडली, जिथे आम्ही चाळीस वर्षांत कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधलेलं नाही.

बंदराला लागून सपाट तुकडा आहे. तिथे आम्ही जाळी वाळवतो, समुद्रातलं शेवाळ वाळवतो आणि काम संपलं की टेकडीवर घरी येतो. पूर्वी गाव खालीच होतं. त्सुनामीच्या लाटेनंतर जे उरलो ते वर राहायला गेलो. खाली दोनच गोष्टी शिल्लक राहिल्या, विहिरीचा दगडी काठ आणि देवळाच्या पायऱ्या. तोक्योहून आलेल्या दिग्दर्शक हिरामात्सुंनी ती विहीर बघितली, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली, एक डोळा मिटून त्यातून पाहिलं आणि म्हणाले, "वा! इथेच."

त्यांच्या सिनेमात अख्खा जपान संपत येतो. आधी धरणीकंप, मग ज्वालामुखी, मग एकामागून एक लाटा. पंतप्रधान घाम पुसत बसतात, शास्त्रज्ञ नकाशावर काठी आपटतात. मोठी शहरं म्हणे स्टुडिओत गुडघ्याएवढी बांधून हौदात बुडवणार होते. पण एक लहान गाव त्यांना खऱ्या मापाचं हवं होतं, पळणाऱ्या खऱ्या माणसांसकट. म्हणून ऑक्टोबरात ते तेवीस जण माझ्या सहा खोल्यांच्या खाणावळीत येऊन पडले. गावात राहायची दुसरी सोयच नाही. पहिल्या दिवसापासून अंघोळीच्या गरम पाण्यावरून भांडणं. माझं वय साठीला एक कमी, आणि मी ओरडायला लागले की कॅमेरावालासुद्धा चपला हातात घेऊन जिन्यावरून जायचा.

त्यांच्यातली एकच मला बरी वाटली. मियाके नावाची मुलगी, सव्वीस वर्षांची. कुठल्या दृश्यात कुणाच्या कपाळावर किती चिखल होता, कुठलं दृश्य किती सेकंद चाललं, या सगळ्याची नोंद ठेवायची. गळ्यात स्टॉपवॉच. जेवतानाही काढायची नाही.

"काकू, तुमचा भात शिजायला एकतीस मिनिटं लागतात," एकदा म्हणाली.

"आणि तुला खायला चार. पोटाला तरी कळतं का कुठे काय गेलं ते?"

हसायची. ताटल्या मात्र स्वतः उचलून ठेवायची. बाकीच्यांना ते कुणी शिकवलंच नव्हतं.

सुतारांनी दहा दिवसांत खाली अकरा घरं उभी केली. नुसते दर्शनी भाग, मागे टेकू. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण विहीर आणि पायऱ्या यांच्यामधून रस्ता काढायचा म्हटलं की तो जिथे होता तिथेच निघतो. माणूस आणखी काय करणार? आमचं घर होतं तिथे त्यांनी मासळीचं दुकान केलं. गावातली म्हातारी माणसं खाली जाळी काढायला जायची ती मान खाली घालून जायची, तशीच परत यायची.

आमच्याकडे पोर चालायला लागलं की एक गोष्ट शिकवतात. जमीन हलली की ज्याने त्याने पळायचं. आईने पोराची वाट बघायची नाही, पोराने आईची नाही. हात धरायचा नाही, मागे वळायचं नाही. बाहेरच्यांना हे ऐकून धक्का बसतो. बसू दे. एकाला शोधायला दुसरा, दुसऱ्याला शोधायला तिसरा, अशी घरंच्या घरं गेलेली आहेत आमच्या किनाऱ्यावर. आणि याच्याच जोडीला आणखी एक नियम आहे. जो वाचला त्याला, तू का नाही वळलास, असं कुणी कधी विचारायचं नाही.

दुसरा नियम माझ्या भावाने मोडला.

गेन्साकु माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्याची मुलगी चियो माझ्याच अंगाखांद्यावर. लाट आली तेव्हा ती पाच वर्षांची, मी एकोणीस. त्या वेळी दादा बोटीवर होता, खोल समुद्रात. पहाटेच्या अंधारात जमीन हलली. आम्ही सगळे वर पळालो, देवळापाशी उभे राहिलो. बर्फ पडलेलं, दात वाजत होते. आणि मग आमच्या लोकांनी जी चूक करायची ती केली. कुणीतरी म्हणालं, थंडीत आणि निरभ्र आभाळात लाट येत नसते. म्हाताऱ्यांची तशी समजूतच होती. लोक उतरून आपापल्या अंथरुणात शिरले. मीही चियोला घेऊन उतरले.

पुन्हा आरडाओरडा झाला तेव्हा पळाले. चियो माझ्या मागे होती. मी पायऱ्यांच्या तळाशी पोचले आणि वर पुजाऱ्याने ढोल बडवायला सुरुवात केली. त्याला खाडीच्या तोंडावरच्या खडकापाशी पांढरी रेघ दिसली होती. मी मागे बघितलं. बघायचं नसतं, पण बघितलं. चियो विहिरीजवळ थांबली होती. माझ्याकडे बघून ओरडली, "आत्या, बाबांचा कोट राहिला!" आणि घराकडे वळली. दादाचा रुई भरलेला जाड कोट दारामागे खुंटीला असायचा. बाप भिजून येईल, गारठेल, असं तिच्या डोक्यात आलं असणार.

मी वर गेले. पुजाऱ्याचा एकोणिसावा ठोका पडला आणि पाणी पायऱ्यांना लागलं. तेहतिसाव्या पायरीपर्यंत चढलं. चियो मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी दादा परत आला. खोल पाण्यात त्यांना लाट कळलीसुद्धा नव्हती. चियो कुठे होती, त्याने विचारलं. विहिरीजवळ, मी म्हटलं. तू कुठे होतीस? पायऱ्यांशी. एवढंच सांगितलं, कोटाचं नाही सांगितलं. ते आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. तो चिखलातून विहिरीपर्यंत गेला आणि तिथून पायऱ्यांपर्यंत एकेक पाऊल मोठ्याने मोजत आला. माझ्यासमोर उभा राहिला.

"बासष्ट पावलं," तो म्हणाला. "बासष्ट पावलं तुला मागे जाता आलं नाही?"

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आम्ही चार घरं सोडून राहतो. त्याच्या बोटीची मासळी माझ्या खाणावळीत येते, पण शेजारणीच्या हातून. दर वर्षी मार्चच्या तीन तारखेला, लाट आली त्या दिवशी, देवळात तसेच एकोणीस ठोके देतात आणि सगळं गाव तेवढ्यात वर पळून दाखवतं. दादा त्या दिवशी बोट काढून निघून जातो. चाळीस वर्षांत त्याने ते ठोके एकदाही ऐकले नव्हते. मला त्याचा राग यायचा. पण त्याच्याही आधी, रोज, वाईट वाटायचं. तो रस्त्यात समोरून आला की अजूनही वाटायचं, आज बोलेल.

शूटिंगच्या दिवशी आधी लाटेचा इशारा देणाऱ्या गावच्या भोंग्यावरून अडलं. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन तोकुबेई हटून बसले.

"भोंगा खोटा वाजवायचा नाही."

"अहो, सिनेमा आहे हा," हिरामात्सु म्हणाले.

"तुमचा सिनेमा. भोंगा आमचा."

शेवटी तोकुबेईंनीच सुचवलं, ढोल वाजवा, एकोणीस ठोके. आणि का ते सांगितलं. दिग्दर्शकांचे डोळे चमकले. दुसऱ्यांच्या दुःखातून काहीतरी कामाचं हाती लागलं की त्यांचे असे चमकायचे. माणूस वाईट नव्हता, धंदाच तसा. म्हणाले, लाट स्टुडिओत करणार आहोतच, तिला बरोबर एवढाच वेळ देऊ.

ढोल वाजला. आम्ही सत्तर जण पळालो. पुढे बघून, तोंड मिटून, सरळ वर. एकोणिसाव्या ठोक्याला सगळे तेहतिसाव्या पायरीवरच्या पाण्याच्या खुणेच्या वर. तोकुबेईंचे गुडघे गेलेत, तेही वर.

"कट! कट!" हिरामात्सु कर्णा घेऊन ओरडले. "हे काय आहे? शाळेची शर्यत आहे का? कुणी किंचाळत नाही, कुणी पडत नाही. अहो, माणसं अशी पळत नाहीत!"

"आम्ही अशीच पळतो," तोकुबेई म्हणाले.

"कुणीतरी मागे वळा! कुणाचं पोर राहिलंय, कुणाची आई राहिलीय. हाका मारा!"

दुसऱ्यांदा पळालो. परत तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी विहिरीपाशी वाळू भरलेलं एक गाठोडं ठेवलं, पोराच्या मापाचं, पोराच्या वजनाचं, वर लहान मुलाचे कपडे. पायऱ्यांशी पोचलेल्या कुणीतरी परत जाऊन ते उचलून आणायचं. तोकुबेईंच्या सुनेला सांगितलं. ती हो हो म्हणाली, ढोल सुरू झाला आणि सरळ वर निघून गेली. खाली येऊन कमरेत वाकून माफी मागितली.

"पाय वळतच नाहीत हो," म्हणाली.

हिरामात्सुंनी कपाळाला हात लावला. "या गावात एकही माणूस नाही का मागे वळणारा?"

"मी वळतो."

गेन्साकु पालथ्या घातलेल्या होडीवर लांब बसला होता. त्याची बोट सिनेमात घेतली होती म्हणून आला होता, पळायला नाही. तो उठून पायऱ्यांपर्यंत आला. माझ्याकडे बघितलं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"वळता येतं. काय कठीण आहे? बासष्ट पावलं तर आहेत."

चाळीस वर्षं जे चार भिंतींत होतं ते आता सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर मांडून दाखवणार होता. मला वाटलं उठून निघून जावं. मग वाटलं, का म्हणून? काय दाखवायचं ते दाखव एकदाचं. मी पहिल्या पायरीजवळ उभी राहिले.

ढोल सुरू झाला आणि दादा निघाला. एकोणसत्तर वर्षांचा, पण अजून जाळं एकट्याने ओढतो. विहिरीशी पोचला तेव्हा अकरा ठोके झाले होते. वाकला. गाठोडं एका हाताने येईना, दोन्ही हात घातले, छातीशी धरलं, वळला. विहिरीपासून सोळा पावलांवर असताना एकोणिसावा ठोका पडला.

ढोल थांबला तरी तो तिथेच उभा, गाठोडं धरून.

"उत्तम!" हिरामात्सु ओरडले. "इथेच लाट गाठते! हेच हवं होतं मला!"

दादाने ऐकलंच नाही. चालत पायऱ्यांशी आला आणि मियाकेसमोर उभा राहिला.

"मी म्हातारा आहे," तो म्हणाला. "पोरी, तू पळतेस का चांगली?"

"शाळेत बास्केटबॉलच्या टीममध्ये होते."

"मग तू जा. हे घेऊन ये."

तिने दिग्दर्शकांकडे बघितलं. ते काहीतरी बोलणार होते, पण तोकुबेईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. मियाकेने बूट काढले, पायमोजे काढले. गळ्यातलं स्टॉपवॉच काढून, जवळ मीच होते म्हणून, माझ्या हातात दिलं. त्या पोरीला बिचारीला काय माहीत!

"काकू, जरा धरा. पहिल्या ठोक्याला दाबायचं, शेवटच्या ठोक्याला परत दाबायचं."

दादाने गाठोडं स्वतः विहिरीशी नेऊन ठेवलं. ढोल सुरू झाला. मी बटण दाबलं.

ती पळाली काय! मातीला पाय लागत होते की नाही कळत नव्हतं. आठव्या ठोक्याला विहिरीशी. दहाव्याला गाठोडं उचलून वळलेली. मग मात्र ते वजन तिच्या पायांत आलं. पोर कडेवर घेऊन पळणं काय असतं ते मला माहीत होतं. चौदा. पंधरा. दादा विहिरीजवळून बघत होता, ओठ हलत होते. अठरा. मी मनात म्हणत होते, पोच, पोच. म्हणजे काय म्हणत होते मी? ती पोचली असती तर मी कायमची मेले असते. तरी म्हणत होते.

एकोणीस. मी बटण दाबलं. सत्तावीस सेकंद.

मियाके पहिल्या पायरीपासून पाच पावलांवर होती. धापा टाकत तिने गाठोडं खाली ठेवलं आणि पाठीमागे बघितलं, जणू खरंच काही आलंय. तिच्यापुढे ती पाच पावलं, आणि वर तेहतीस पायऱ्या.

दादा विहिरीशीच उभा होता. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग पायऱ्यांकडे. हनुवटी हळूहळू वर गेली, एकेक पायरी मोजल्यासारखी, पाण्याच्या खुणेपर्यंत. मग तो बोटींच्या बाजूला निघून गेला. हिरामात्सुंना दृश्य मिळालं होतं, त्यांनी जेवणाची सुट्टी दिली. मी स्टॉपवॉच मियाकेच्या गळ्यात परत घातलं.

"काकू, तुमचे हात किती गार आहेत," ती म्हणाली.

"मग ऑक्टोबरात काय उकळायचे? बूट घाल आधी."

मी वर खाणावळीत आले. सिनेमावाले खालीच भाताचे गोळे खात बसले होते, घर रिकामं होतं. मी उगीचच सार गरम करायला ठेवलं. मागचं दार सरकलं.

दादा आत आला. रबरी बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. माझ्या घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"भात आहे?" म्हणाला.

मी वाढलं. भात, शेवाळ घातलेलं मिसोचं सार, सकाळी भाजलेल्या माशाचा उरलेला अर्धा तुकडा. वाटी त्याच्यासमोर आपटूनच ठेवली. त्याने जेवायच्या काड्या उचलल्या, परत खाली ठेवल्या.

"जायचीच पावलं मोजली मी, इनो. यायची मोजलीच नाहीत."

या वाक्यासाठी मी चाळीस वर्षं थांबले होते. तो रस्त्यात दिसला की मनातल्या मनात त्याच्याकडून हेच वदवून घेत होते. आणि आता तो ते म्हणाला तर मला गप्प बसवेना.

"दादा, माझं ऐक. मी हिशेब करून थांबले नव्हते. एकोणीस काय, शंभर ठोके असते तरी मी गेले नसते. भ्याले होते मी. नुसती भ्याले होते."

मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. खरं सांगायची मला कोणी गळ घातली होती? त्याने भाताची वाटी जवळ ओढली.

"एकोणीस वर्षांची होतीस," म्हणाला. "मी पण भ्यालो असतो." आणि मग, "चियो नाही भ्यायची. कुणावर गेली होती देव जाणे."

तिचं नाव त्याच्या तोंडून इतक्या वर्षांनी ऐकलं आणि मला रडू फुटलं. मी नाक चक्क भांडी पुसायच्या फडक्याला पुसलं. तो थांबला माझं होईपर्यंत.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ती वळली कशाला? तुझ्या मागे होती ना? मग विहिरीपासून परत का गेली? एवढं एक मला कधी कळलं नाही."

खाली कुणीतरी ढोलावर उगाच थाप मारून बघत होतं. एकदा, मग दुसऱ्यांदा.

"मांजराचं पिल्लू होतं," मी म्हणाले. "पुजाऱ्यांच्या मांजरीचं, पांढरं. आपल्या घरात शिरायचं. त्याला आणायला गेली."

"मांजर."

"हो. ओरडून सांगितलं तिने मला. पिल्लू राहिलं म्हणाली."

त्याने मान हलवली. काड्या घेतल्या, माशाचा काटा बाजूला केला, एक घास खाल्ला. मग दुसरा.

"माझा कोट सापडला होता तेव्हा," तो ताटाकडे बघतच बोलला. "विहिरीच्या काठाला गुंडाळलेला. मला वाटलं, घरातून वाहत आला."

"वाहतच आला असणार," मी म्हणाले. "सगळंच वाहून आलं होतं तिथे."

त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं माझ्याकडे, आणि मीही नजर हटवली नाही. मग त्याने रिकामी वाटी पुढे केली.

"सार वाढ अजून थोडं," म्हणाला. "चांगलं झालंय."